टिपणीसांचा काळा सातू

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळली म्हणजे सांगितली नाही असं नव्हे. पुष्कळदा सांगितली, पण खरं काय ते गाळून, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. दोह्यातल्या मराठी घरांत ती अजूनही सांगितली जाते असं कानावर येतं. घरी बिअर करणारे एक टिपणीस होते, विलायती माल्टवाचून आपलं काही अडत नाही म्हणायचे, मग एकदा खरा विलायती माल्ट आला आणि टिपणीसांची फजिती झाली, एवढीच गोष्ट. ती मी पसरवली आणि ती खोटी आहे. टिपणीस आता नाहीत. मी सत्तरी ओलांडली आहे. ज्यांच्यासमोर मी हसलो त्यांतले काही जण अजून चष्मा लावून वाचू शकतात, तोवर हे लिहून टाकतो.

अरविंद टिपणीस कतारमध्ये रास लफानला एका गॅस प्रकल्पात मटेरियल इंजिनिअर होते. मी त्याच प्रकल्पात सेफ्टीत होतो. राहायला दोघंही दोह्यात अल दुहैलच्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे कुंपणाआडच्या वसाहतीत, भिंतीला भिंत लागून. कंपनीच्या बसमध्येही शेजारी बसायचो. बसमध्ये सगळे झोपायचे. टिपणीस वाळवंटाकडे बघत विचार करायचे आणि मधेच मला कोपराने ढोसून उठवायचे.

प्लँटमध्ये एखादा भाग मोडला की मूळ कंपनीचा भाग महाग पडतो आणि उशिरा येतो. मग एखादा व्हेंडर ‘सेम टू सेम’ म्हणून दुसरा घेऊन हजर होतो. कागदोपत्री त्याला ‘ऑर इक्विव्हॅलंट’ म्हणतात. हे इक्विव्हॅलंट खरंच तसं आहे का हे ठरवणं टिपणीसांचं काम, आणि त्यांचं उत्तर बहुधा ‘नाही’ असायचं. पाइपांच्या सांध्यात बसवायचं गॅस्केट समोर आलं की ते आधी नखाने दाबायचे, मग नाकाशी धरायचे.

“साब, सर्टिफिकेट है,” व्हेंडर म्हणायचा.

“लाओ. उसको भी सूंघता हूँ.”

आणि खरंच हुंगायचे. लॅबचा रिपोर्ट आठवड्याने यायचा, तो बहुतेक त्यांच्या नाकाशी सहमत असायचा. मॅनेजर मंडळी त्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवायचं शटडाऊन आलं की त्यांच्याच टेबलापाशी ताटकळत उभी असायची.

असा हा पर्यायांचा वैरी घरी आला, बूट काढले, की पर्याय शोधायला बसायचा.

कतारमध्ये घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. परवाना काढून विकत घेता येते, आणि टिपणीसांकडे परवाना होताही. पण विकतच्या बिअरला ते ‘मीटिंगमध्ये ठरवलेली बिअर’ म्हणायचे. मी आठवडाभर लोकांना नियम शिकवायचो आणि शुक्रवारी दुपारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत स्टीलचा पेला धरून बसायचो. या दोन गोष्टींची मी माझ्या डोक्यात कधी गाठ पडू दिली नाही.

बिअरचा जीव माल्टमध्ये असतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, ज्याला हल्ली सगळे बार्ली म्हणतात. साध्या माल्टची साधी पिवळी बिअर होते. टिपणीसांना हवी होती ती काळी, दाट, कॉफीसारखी कडसर. तिला मूठमूठभर खास माल्ट लागतात: एक कॅरमेलसारखा गोड, एक चॉकलेटसारखा काळा. विलायतेत ते दुकानात मिळतात. दोह्यात बकऱ्यांना घालायचा सातू पोत्यांनी मिळतो. खास माल्ट मात्र औषधालाही नाही.

त्यांचा पहिला पर्याय म्हणजे खजुराचा पाक. इथे त्याला दिब्स म्हणतात. रंग सुरेख आला, वासही आला. काही दिवसांनी चाखली तर नुसतं काळं पाणी.

“यीस्टने खाल्लं हो, पाटणकर,” ते बसमध्ये मला ढोसून म्हणाले. “गोड म्हणून जे जे होतं ते सगळं खाल्लं आणि आपल्यासाठी रंग तेवढा ठेवला. आपल्या मराठी मंडळाच्या कमिटीसारखं.”

मग दाटपणासाठी नाचणीचं सत्त्व घालून पाहिलं. ती बिअर पेल्यात ओतावी लागली नाही, घसरत आली. भिडे नावाचे आमचे एक अकाउंटंट मित्र शुक्रवारचे कायमचे पाहुणे होते. त्यांनी ती चमच्याने संपवली आणि “पौष्टिक आहे” म्हणाले. टिपणीस त्यांच्याशी तासभर बोलले नाहीत.

या दोन आपटींनंतर त्यांना ते वाक्य सापडलं, जे त्यांनी पुढे आम्हाला शंभरदा ऐकवलं. “पर्याय नावाला शोधायचा नाही, रंगालाही नाही. ती वस्तू आत जाऊन काय काम करते ते बघा, आणि ते काम दुसरं कोण करील ते शोधा.” मग अल मुंतझा भागातल्या एका केरळी दुकानातून त्यांनी निवडक सातू आणला. भिजवला, मोड आणले, गच्चीवर चादरीवर पसरला. दोह्याच्या उन्हाला एवढं सत्कार्य क्वचितच मिळालं असेल. गोड माल्टसाठी मोड आलेला सातू ओलाच झाकून मंद ओव्हनमध्ये ठेवायचा, म्हणजे सालीच्या आतच त्याची साखर होते. मग झाकण काढून भाजायचा. दाणा फोडला की आत काचेसारखा तुकडा. काळ्यासाठी वाळलेला माल्ट मोठ्या आचेवर न्यायचा, करपण्याच्या अगदी अलीकडे. तो क्षण घड्याळात सापडत नाही. टिपणीस डोळे मिटून ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसायचे, नाक पुढे. मंदावहिनी, त्यांच्या पत्नी, हातमोजे घालून शेजारी तयार.

“मंदा, आत्ता!”

ट्रे बाहेर. वहिनी म्हणायच्या, “लग्नाच्या मंडपात सुद्धा एवढ्या उत्सुकतेने हाक मारली नव्हती.”

भाजलेला दाणा लगेच वापरायचा नाही, त्याचा धूर उतरू द्यायचा, हा नियमही त्यांचाच. आणि तो रेटून मोडणारेही तेच. डबा भरून दोन आठवडे झाले न झाले की त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

अडचण झाली ती वासाची. दर शुक्रवारी सकाळी कंपाउंडभर भाजल्याचा खमंग वास पसरायचा. शेवटी भिडेवहिनींनी विचारलंच, “मंदावहिनी, काय भाजता हो एवढं?”

“भाजणी,” मंदावहिनी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

आठ दिवसांत पाच घरांतून डबे आले. परदेशात भाजणी करणारं कुणी सापडलं की मराठी बायकांचा धीर सुटतो. नाही म्हणावं तर संशय. तेव्हापासून टिपणीस आधी माल्ट भाजायचे आणि मग त्याच ओव्हनमध्ये बाजरी, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने. बिअर गाळून उरलेला चोथाही वाळवून, दळून त्यातच जायचा. त्याच भाजणीच्या थालीपिठाला मंडळाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस द्यायला अध्यक्ष होते. ते त्या दिवशी तरुण पिढी आणि व्यसनं यावर बोलले, मग त्यांनी लोण्याबरोबर दोन थालीपिठं खाल्ली आणि तिसरं बांधून घेतलं.

सगळे भाजणीचं कौतुक करत. टिपणीसांना त्याचा राग यायचा. “जे मन लावून करतो त्याला कुणी विचारत नाही. जे लपवायला करतो त्याला बक्षीस.”

भिडे मात्र दर शुक्रवारी घरी सांगून यायचे की टिपणीसांना भाजणीत मदत करतोय. भिडेवहिनी मला एकदा अभिमानाने म्हणाल्या, “यांना स्वयंपाकघराची गोडी लागली हो इथे येऊन.”

शुक्रवारच्या बैठकीत एकच नियम होता: ‘छान’ म्हणायचं नाही. “चव सांगा. कौतुक घरी जाऊन करा.” आम्हा कुणालाच चव कळत नव्हती, त्यामुळे फार हाल व्हायचे. भिडे म्हणायचे, “लाकूड जाणवतंय.” कुणी म्हणायचं, “शेवटी थोडं चामडं.” एका पाहुण्याने एकदा “लंडनची आठवण झाली” असं सांगितलं, तो लंडनला कधी गेला नव्हता हे नंतर कळलं. मी काही न बोलता “हं” म्हणायचो. टिपणीस माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, “हा बघा. हा खोटं बोलत नाही.”

माझ्या बायकोला, कुंदाला, पित्तामुळे कॉफी वर्ज्य झाली होती. टिपणीसांनी तिला डबाभर काळा सातू आणून दिला. “वहिनी, हा कुटून उकळा. कॉफीचं काम करतो.” तिने एकदा करून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि डबा फडताळात मागे ढकलला. कित्येक महिने तो तिथेच होता.

मग एका सुट्टीत मी लेकीकडे इंग्लंडला निघालो. टिपणीस संध्याकाळी घरी आले, बसले नाहीत.

“पाटणकर, किलोभर खरा काळा माल्ट आणाल? धान्यच आहे. बिअर प्यायला नको मला त्याची. परीक्षा घ्यायची आहे.”

“कुणाची?”

“माझी. सारखाच घाणा, फरक फक्त काळ्या दाण्याचा. एकात त्यांचा, एकात माझा. डोळे मिटून चाखणार. फरक कळला नाही तर मी आयुष्यात एक गोष्ट केली असं म्हणेन.” मग म्हणाले, “आणि कळला, तर एवढी वर्षं ओव्हनपुढे बसून मी स्वतःला फसवत होतो. तेही कळायला हवं ना.”

असं तोंड करून माणूस काही मागतो तेव्हा नाही म्हणता येत नाही. मी दुकानात गेलो, माल्ट घेतला आणि तिथूनच त्यांना फोन केला: “मिळाला!” पलीकडून त्यांनी मंदावहिनींना मारलेली हाक मला ऐकू आली.

परतीचे दिवस जवळ आले तशी माझी झोप उडाली. आयुष्यभर दुसऱ्यांना काय काय होऊ शकतं ते शिकवलं होतं. आता ते सगळं मला होऊ लागलं. विमानतळावरच्या एक्स-रेच्या पडद्यावर ते काळे दाणे, हे काय आहे असं विचारणारा अधिकारी, आणि माझं ततपप. धान्यच आहे, हे वाक्य मला स्वतःलाच पटेना. निघायच्या सकाळी मी माल्ट लेकीच्या बागेत कबुतरांना टाकला. त्यांनी एकदा चोच लावली आणि निघून गेली. दुकानाची छापील पिशवी मात्र मी घडी करून शर्टांत ठेवली. का ठेवली, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दोह्यात उतरल्यावर फडताळातला मागचा डबा काढला आणि त्या पिशवीत रिकामा केला. कुंदा बघत होती. ती एवढंच म्हणाली, “अहो, सांगून टाका ना त्यांना, भीती वाटली म्हणून.” मी म्हटलं, त्यांच्या नाकाला एका क्षणात कळेल, मग हसून सांगू. हे मला खरंच वाटत होतं. पकडलं जावं अशी थोडी इच्छाही होती. म्हणजे कबूल करायचे कष्ट वाचले असते.

टिपणीसांनी पिशवी दोन्ही हातांत घेतली. उघडून हुंगली. ते बराच वेळ हुंगत राहिले आणि म्हणाले, “वा.”

मी वहिनींकडे चहा मागितला.

बिअर तयार व्हायला काही आठवडे गेले. परीक्षेच्या शुक्रवारी खोली भरली होती. मंदावहिनींनी दोन सारखे पेले आणले. विलायती मालाच्या पेल्याला बुडाशी कुंकवाचा ठिपका लावलेला होता, तो फक्त वहिनींना ठाऊक. टिपणीसांनी डोळे मिटले. पहिला पेला, पाणी, दुसरा, पुन्हा पाणी, पुन्हा पहिला.

“फरक आहे,” ते म्हणाले.

“कोणता बरा?” भिडेंनी विचारलं.

“हा. हा गोल आहे. तो दुसरा घशाला टोचतो.”

पेला उलटा केला. बुडाशी कुंकू.

महिनोन्‌महिने डब्यात पडून त्या सातूचा धूर पुरता उतरला होता, एवढंच झालं होतं. टिपणीस आपल्याच हाताने भाजलेल्या दाण्यापुढे हरले होते, आणि हरण्याचं कारण त्यांचा उतावळेपणा, त्यांचं कसब नव्हे. त्यांच्या जिभेने तर ते अचूक पकडलं होतं. खोलीत हे माहीत असलेला माणूस मी एकटा.

त्यानंतर खोलीतल्या प्रत्येकाला एकदम चव कळू लागली. भिडे म्हणाले, “मला पहिल्यापासून तो जळका वास यायचा, पण म्हटलं कशाला बोला.” लंडनची आठवण होणाऱ्या पाहुण्याला आता ती कुंकवाच्या पेल्यातून झाली. “ओरिजिनल ते ओरिजिनल!” असा एकच गजर झाला. टिपणीसांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळले.

“तुम्ही सांगा, पाटणकर. तुम्ही तोंडदेखलं बोलत नाही. फरक आहे ना?”

मी म्हणालो, “असणारच.”

पुढच्या शुक्रवारी कंपाउंडमध्ये वास आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भिडेवहिनी भाजणीसाठी डबा घेऊन गेल्या आणि रिकामाच घेऊन परत आल्या. मला वाटलं, उतरेल रुसवा. पण एक दिवस ऑफिसात व्हेंडर गॅस्केट घेऊन आला आणि टिपणीसांनी ते हातातही घेतलं नाही.

“लॅबला पाठवा.”

“साब, सूंघेंगे नहीं?” तो थट्टेत म्हणाला.

“नाक का भरोसा नहीं अब,” टिपणीस म्हणाले, आणि व्हेंडरचा चेहरा उतरला. त्याला वर्षानुवर्षं नाही म्हणणारा माणूस त्याच्यासमोरच नाहीसा झाला होता. तेव्हापासून लॅब म्हणेल ते टिपणीस मान्य करत गेले. मॅनेजर खूष झाले. टिपणीस सुधारले असं म्हणू लागले. कराराची मुदत संपायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला आणि नाशिकला जायचं ठरवलं.

मधल्या काळात रोज सकाळी बसमध्ये ते माझ्या शेजारी होते. मला ढोसून उठवत नसत. मी जागाच असायचो, डोळे मिटून.

निरोपसमारंभात चार शब्द बोलायला मला उभं केलं. मी परीक्षेची गोष्ट सांगितली. विलायती माल, कुंकू, उलटा केलेला पेला, सगळं रंगवून. हॉल हसून हसून लोटपोट झाला. टिपणीसही हसले, जसं सत्कारमूर्तीने हसायचं असतं. मंदावहिनी हसल्या नाहीत. तीच गोष्ट मग घरोघर गेली आणि तीच अजून फिरते आहे.

निवृत्त होऊन पुण्याला आल्यावर मी एकदा नाशिकला गेलो. ठरवून गेलो. बसमध्ये वाक्य घोटत होतो: ‘टिपणीस, त्या पिशवीत तुमचाच सातू होता. तुम्ही जिंकला होता. मला माफ करा.’

टिपणीस वाळले होते. काठी आली होती. टेबलावर सात-आठ वाट्या मांडलेल्या, प्रत्येकीत काळे दाणे. हल्ली इथे सगळे माल्ट कुरिअरने घरपोच येतात. ते एकेक दाणा चावत होते.

“हा जर्मन. हा बेल्जियमचा. हा इंग्लिश, पण तो नाही. तुम्ही आणलेला तो वेगळाच होता हो. गोल.” दाणा त्यांनी रुमालात टाकला. “सगळे मागवून झाले. जवळ जातात, पण तो नाही.”

“आणि स्वतः?” मी विचारलं. “भाजता की नाही?”

“छे. खरं काय ते कळल्यावर माणसाने पुन्हा भाजू नये.” मग पुढे झुकून म्हणाले, “ती छापील पिशवी केव्हाच हरवली. त्या दुकानाचं नाव तेवढं आठवून सांगा. मी फोन करतो त्यांना.”

हीच वेळ होती. वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणालो, “ते दुकान बंद झालं, टिपणीस. लेक सांगत होती.”

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “बंद झालं? मंदा, ऐकलंस का? दुकानच बंद झालं. म्हणजे मिळणारच नव्हता!” किती दिवसांनी ते मोठ्याने हसले असतील कोण जाणे. सगळे दाणे एका वाटीत ओतून बाकीच्या वाट्या त्यांनी एकीत एक अशा रचून ठेवल्या. मंदावहिनी दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि किती ओळखून बघत होत्या ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघताना टिपणीस काठी टेकत फाटकापर्यंत आले. अंगणातल्या फरशीवर नुकतंच पाणी मारलेलं होतं. माझे ओठ हलताना त्यांना दिसले असावेत, कारण थांबून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “बोला ना, पाटणकर. काय?”

मी म्हणालो, “जपून परत जा. फरशी ओली आहे.”